दगडी गोळ्यांसाठी घरगुती हिरेयुक्त शाणन साधने

दगडी गोळ्यांसाठीची हिरेयुक्त शाणन साधने ही धातूच्या नळीच्या किंवा वाटीच्या कडेवर हिऱ्याचे बारीक कण पक्के बसवून तयार केलेली साधने आहेत. अकीक, क्वॉर्ट्‌झ (गारगोटी), जॅस्पर, ग्रॅनाइट यांसारख्या कठीण दगडांना घासून गोल आकार देण्यासाठी ती वापरतात. अपघर्षक कणांनी घासून पदार्थ झिजवण्याच्या क्रियेला शाणन म्हणतात. प्रत्येक आकाराच्या गोळ्याला वेगळ्या व्यासाची वाटी लागते व हव्या त्या मापाची तयार वाटी बाजारात सहज मिळत नाही. त्यामुळे हौशी कारागीर आणि लहान प्रमाणावर रत्नकाम करणारे लोक ही साधने बऱ्याचदा स्वतः बनवतात.

गोळ्याचा गोलपणा मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो: वाटीची वर्तुळाकार कड आणि दगडाची सतत बदलणारी फिरण्याची दिशा. या दोन गोष्टी साधल्या तर पाण्याच्या नळाचे जोड आणि साध्या मोटारी यांपासूनही चांगला गोळा घडवता येतो. घासताना निघणारी सिलिकायुक्त धूळ ही मात्र या कामाची सर्वांत धोकादायक बाजू आहे.

## पार्श्वभूमी

दगडाचे गोळे घडवण्याची कला हिऱ्याच्या साधनांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. कोस्टा रिका या देशातील डिकीस खोऱ्यात कोलंबसपूर्व काळातील शेकडो दगडी गोळे आढळतात. त्यांपैकी सर्वांत मोठ्या गोळ्यांचा व्यास सुमारे अडीच मीटर आहे. दगडाने दगड ठोकून व नंतर घासून ते घडवले गेले असे मानले जाते. २०१४ मध्ये या स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

युरोपात आल्प्स पर्वताच्या परिसरात संगमरवराच्या गोट्या बनवणाऱ्या पाणचक्क्या होत्या. जर्मनीतील बेर्ख्तेसगाडेनजवळ आल्मबाख घळीच्या तोंडाशी असलेली गोळ्यांची चक्की १६८३ पासूनची असून ती आजही चालू आहे. तेथे खाली गोल खाचा पाडलेला स्थिर दगड असतो व वर पाण्याच्या जोराने फिरणारी लाकडी चकती असते. खाचांत ठेवलेले ओबडधोबड तुकडे गडगडत राहतात व काही दिवसांत त्यांचे गोळे बनतात. दगड सतत नव्या दिशेने फिरत राहिला की उंचवटे आपोआप झिजतात, हे तत्त्व या चक्कीत स्पष्ट दिसते.

हिऱ्याच्या कणीचा कापणारे साधन म्हणून वापरही प्राचीन आहे. प्लिनी या रोमन लेखकाने इ. स. पहिल्या शतकात, कोरीव काम करणारे कारागीर हिऱ्याच्या कपच्या लोखंडात बसवून वापरतात, असे नोंदवले आहे. गुजरातमधील खंबायत येथील अकीक मण्यांच्या उद्योगात टोकाला दोन हिरकण्या बसवलेले सामते कमानीने फिरवून मण्यांना भोके पाडण्याची पद्धत रूढ आहे. सिंधू संस्कृतीतील कारागीर मात्र कठीण दगडाचेच सामते वापरून लांब अकीक मण्यांना भोके पाडत. दख्खनच्या बेसाल्ट खडकांतील पोकळ्यांमध्ये अकीक, कॅल्सेडोनी व क्वॉर्ट्‌झ तयार होतात. त्यामुळे हा दगड महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी सापडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कठीण दगड घासण्यासाठी वालुकाश्माची चाके, कुरुंदाची पूड व वाळू यांवर भर होता. १८९० च्या दशकात एडवर्ड ॲचेसन याच्या पद्धतीने सिलिकॉन कार्बाइड (कार्बोरंडम) कारखान्यात बनू लागले. १९५४ च्या डिसेंबरात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉल याने कृत्रिम हिरा बनवण्यात यश मिळवले व १९५५ मध्ये ते जाहीर झाले. त्यानंतर औद्योगिक हिऱ्याची भुकटी क्रमाक्रमाने स्वस्त होत गेली. घरगुती हिरेयुक्त साधने शक्य झाली ती या बदलामुळे.

## भूमितीय तत्त्व

गोलाचा कोणत्याही प्रतलाने घेतलेला छेद वर्तुळच असतो. म्हणून वर्तुळाकार कडेची वाटी अचूक गोळ्यावर कोठेही ठेवली तरी तिची संपूर्ण कड त्याला टेकते. दगड पूर्ण गोल नसेल, तर कड फक्त उंचवट्यांवर टेकते आणि घर्षण तेथेच होते. दगड सर्व दिशांनी फिरत राहिला की प्रत्येक उंचवटा केव्हा ना केव्हा कडेखाली येतो. अशा रीतीने ही पद्धत स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त करते. भिंगांची वक्रता घडवण्यासाठी वापरली जाणारी वाटीच्या आकाराची शाणन चाकेही याच तत्त्वावर चालतात.

वाटी कोठे टेकेल हे पुढील संबंधावरून ठरते:

स्पर्शकोनाचे साइन गुणोत्तर = वाटीच्या कडेचा व्यास ÷ गोळ्याचा व्यास

स्पर्शकोन म्हणजे गोळ्याच्या केंद्रापासून वाटीच्या अक्षाच्या दिशेने काढलेली रेषा आणि केंद्र व कडेचा स्पर्शबिंदू यांना जोडणारी रेषा यांमधील कोन. दगड प्रथम कडेच्या आतल्या धारेवर टेकतो, त्यामुळे येथे नळीचा आतील व्यास धरतात. व्यवहारात तो गोळ्याच्या व्यासाच्या सुमारे दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश ठेवतात. वाटी फार लहान असली तर ती स्थानिक खळगे पाडते व मोठ्या चुका तिच्या लक्षात येत नाहीत. फार मोठी असली तर दगड तिच्यात पाचरीसारखा अडकतो किंवा शेजारच्या वाट्या एकमेकींना घासतात.

७५ मिमी व्यासाच्या गोळ्यासाठी त्याच्या ०.७ पट, म्हणजे ५२.५ मिमी आतील व्यासाची वाटी घेतली, तर स्पर्शकोन सुमारे ४४ अंश येतो. गोळा वाटीत सुमारे १०.७ मिमी खोल शिरतो. म्हणून वाटीची आतील खोली याहून बरीच जास्त, निदान १५ ते २० मिमी ठेवावी लागते. अन्यथा गोळा तळाला टेकतो आणि कड काम करेनाशी होते. कडेला आतून स्पर्शकोनाइतकाच, म्हणजे सुमारे ४४ अंशांचा उतार दिल्यास हिऱ्याचा थर सुरुवातीपासून रुंद पट्ट्यात टेकतो.

वाट्यांच्या संख्येनुसार त्यांच्या व्यासावर वरची मर्यादा येते. तीन वाट्या एकाच प्रतलात परस्परांशी १२० अंशांवर असतील, तर प्रत्येकीचा बाह्य व्यास गोळ्याच्या व्यासाच्या ०.८६६ पटीहून कमी असावा लागतो. चार वाट्या चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंच्या दिशांना बसवल्या, तर ही मर्यादा ०.८१६ पट होते.

## हिरा, कण आणि बंधक

मोस कठिनता श्रेणीत हिऱ्याचे स्थान १०, क्वॉर्ट्‌झचे ७, फेल्डस्पारचे ६ व संगमरवरातील कॅल्साइटचे ३ आहे. ही श्रेणी केवळ क्रम दाखवते. ९ व १० यांमधील प्रत्यक्ष अंतर खूप मोठे आहे. संगमरवर किंवा सर्पेंटाइन यांसारख्या मऊ दगडांसाठी सिलिकॉन कार्बाइड पुरेसे असते. अकीक व क्वॉर्ट्‌झ यांच्या बाबतीत मात्र हिरा वापरल्यास घासण्याचा वेळ पुष्कळ वाचतो.

कणांचा आकार चाळणीच्या क्रमांकाने सांगतात. क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक.

- ६०/८० क्रमांक: सुमारे १८० ते २५० मायक्रोमीटर; कोपरे व मोठे उंचवटे काढण्यासाठी.
- १००/१२० क्रमांक: सुमारे १२५ ते १५० मायक्रोमीटर, मुख्य आकार देण्यासाठी.
- ३२५/४०० क्रमांक: सुमारे ३८ ते ४५ मायक्रोमीटर, पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी.

याहून बारीक भुकटी थेट मायक्रोमीटरमध्ये मोजली जाते.

हिऱ्याचे कण धरून ठेवणाऱ्या द्रव्याला बंधक म्हणतात. साधनाचा स्वभाव कणांइतकाच बंधकावर ठरतो. कणांची टोके बोथट झाली की बंधकाने झिजून नवे कण उघडे करावे लागतात. अकीकासारखा कठीण व घट्ट दगड बंधकाला फारसा झिजवत नाही, म्हणून त्याच्यासाठी मऊ बंधक योग्य ठरतो. वालुकाश्म किंवा काँक्रीट यांसारखे खरखरीत पदार्थ बंधक भराभर खातात, म्हणून त्यांच्यासाठी कठीण बंधक लागतो. काँक्रीटसाठी बनवलेले साधन अकीकावर थोड्याच वेळात गुळगुळीत होऊन घसरू लागते, त्याचे कारण हेच.

बंधकातील हिऱ्याचे प्रमाण ‘संहती’ या आकड्याने दर्शवतात. १०० संहती म्हणजे दर घन सेंमीला ४.४ कॅरट, अर्थात आकारमानाच्या २५ टक्के हिरा.

## साधन बनवण्याच्या पद्धती

| पद्धत | योग्य टप्पा | गुण | अडचण |
|---|---|---|---|
| तयार कोअर बिट | खडबडीत शाणन | कमी मेहनत | मोजकेच व्यास मिळतात |
| झाळलेले हिरेखंड | खडबडीत शाणन | दीर्घायुष्य | बंधक दगडाला जुळेलच असे नाही |
| निकेल विलेपन | खडबडीत व मध्यम | आकार अचूक, धार तीक्ष्ण | विषारी रसायने. कणांचा एकच थर |
| मऊ धातूत रुतवलेले कण | मध्यम व बारीक | सर्वांत सोपी | कण सुटून येतात |
| रेझिनमधील कण | बारीक व झिलईपूर्व | पृष्ठभाग उत्तम | लवकर झिजते, उष्णतेने मऊ पडते |

### तयार कोअर बिटापासून

काच, फरशी व काँक्रीट यांना गोल भोके पाडणारे हिरेयुक्त कोअर बिट बाजारात मिळतात. त्यांची कड मुळातच वर्तुळाकार असल्याने योग्य व्यासाचा बिट वाटी म्हणून थेट वापरता येतो. भोक पाडण्यासाठी बनलेल्या बिटाचे हिरे टोकाच्या सपाट भागावर असतात आणि गोळा आतल्या धारेवर टेकतो. म्हणून खंड जाड असलेला बिट निवडून त्याच्या आतल्या बाजूला सिलिकॉन कार्बाइडच्या दगडाने हळूहळू उतार देतात. ज्यांवर कणांचा एकच थर आहे अशा पातळ बिटांना हा उतार देता येत नाही. घासल्यास हिरेच निघून जातात.

### हिरेखंड झाळून

जुन्या कापणाऱ्या पात्यांवरील किंवा कोअर बिटांवरील हिरेखंड सोडवून ते पोलादी नळीच्या कडेवर चांदीयुक्त मिश्रधातूने झाळतात. नळीची कड प्रथम लेथवर सरळ करून घेतात आणि खंडांसाठी समान अंतरावर खुणा करतात. खंडांमधील फटींतून पाणी आत जाते व दगडाचा चिखल बाहेर पडतो, म्हणून त्या मोकळ्या ठेवतात.

येथे तापमानाला महत्त्व आहे. सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे हवेत हिऱ्याचे ऑक्सिडीकरण सुरू होते. म्हणून कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू निवडतात, सांध्यावर टाकणखारयुक्त फ्लक्स लावतात आणि ज्योत खंडावर न धरता नळीवर धरतात. जुन्या झाळमिश्रधातूंत कॅडमियम असू शकते व त्याची वाफ प्राणघातक आहे. म्हणून केवळ कॅडमियममुक्त मिश्रधातू वापरावा लागतो.

### निकेल विलेपनाने

या पद्धतीत हिऱ्याचे कण पोलादी किंवा तांब्याच्या वाटीच्या कडेवर ठेवून त्यांच्याभोवती विद्युत विलेपनाने निकेलचा थर वाढवतात. यासाठी वॉट्स द्राव प्रचलित आहे. त्यात दर लिटरला साधारणपणे २४० ते ३०० ग्रॅम निकेल सल्फेट, ३० ते ६० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि ३० ते ४५ ग्रॅम बोरिक आम्ल असते. द्राव सौम्य आम्लधर्मी व ४० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवतात. धनाग्र शुद्ध निकेलचे असते व वाटी ऋणाग्राला जोडतात.

कामाचे टप्पे असे:

1. वाटीची कड घासून, तेलाचा अंश पूर्ण काढून व सौम्य आम्लात बुडवून स्वच्छ करणे. येथे कसूर राहिल्यास पुढे निकेलचा थर सालीसारखा सुटतो.
2. जेथे हिरे नकोत तो भाग मेण किंवा लाखेने झाकणे.
3. कडेवर शुद्ध निकेलचा अगदी पातळ थर देणे.
4. कड वर करून तिच्यावर हिऱ्याच्या कणांचा ढीग करणे व कमी विद्युत प्रवाहाने कण चिकटण्यापुरते विलेपन करणे.
5. न चिकटलेले कण हलक्या हाताने झटकून परत गोळा करणे.
6. कणांच्या उंचीच्या निम्म्या ते दोनतृतीयांश भागापर्यंत निकेल वाढवणे.

एक अँपिअर प्रवाह एक तास चालल्यास सुमारे १.०९ ग्रॅम निकेल जमा होते. म्हणजे दर चौरस डेसिमीटरला १ अँपिअर प्रवाह असताना थर तासाला सुमारे १२ मायक्रोमीटरने वाढतो. ५२.५ मिमी व्यासाच्या वाटीच्या कडेवर ५ मिमी रुंदीचा पट्टा धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ८.२ चौरस सेंमी होते. दर चौरस डेसिमीटरला ३ अँपिअर या हिशेबाने त्याला सुमारे पाव अँपिअर प्रवाह लागतो. १००/१२० क्रमांकाचे कण ६० टक्के उंचीपर्यंत धरायचे, म्हणजे सुमारे ८५ मायक्रोमीटर थर द्यायचा, तर साधारण सव्वादोन तास पुरतात. प्रवाह वाढवून घाई केल्यास कडेच्या टोकांवर निकेलच्या गाठी येतात व थर ठिसूळ होतो.

### मऊ धातूत कण रुतवून

दोन पृष्ठभागांमध्ये मोकळे कठीण कण घातले, तर ते अधिक मऊ पृष्ठभागात रुततात आणि अधिक कठीण पृष्ठभागाला झिजवतात. तांब्याच्या नळीचे टोपण किंवा मऊ पोलादाची वाटी घेऊन तिच्या कडेला तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी लावतात व कठीण पोलादाच्या रुळाने दाबून कण धातूत रुतवतात. जादा भुकटी पुसून परत वापरतात. विलेपनाची रसायने व भट्टी यांची गरज नसल्याने नवशिक्यांसाठी ही पद्धत योग्य मानली जाते. कण अधूनमधून सुटत असल्याने दर काही वेळाने वाटीत भुकटी पुन्हा भरावी लागते.

### रेझिनमध्ये कण मिसळून

बारीक टप्प्यांसाठी हिऱ्याची भुकटी इपॉक्सी रेझिनमध्ये मिसळून साच्यात ओततात. ५२.५ मिमी मध्यव्यास, ४ मिमी रुंदी व ३ मिमी उंची असलेल्या वलयाचे आकारमान सुमारे २ घन सेंमी भरते. ५० संहतीसाठी त्यात सुमारे ४.४ कॅरट, म्हणजे ०.९ ग्रॅमच्या आत हिरा लागतो. मिश्रण घट्ट होण्यापूर्वी कण तळाशी बसू लागतात, म्हणून साचा कडेची कामाची बाजू खाली ठेवून भरतात. रेझिन किंचित लवचीक असल्याने कण दगडाला खोल ओरखडे पाडत नाहीत.

## यंत्ररचना

सर्वांत साध्या रचनेत एकच वाटी उभ्या अक्षावर फिरते आणि कारागीर दगड हाताने फिरवत राहतो. दोन वाट्यांच्या यंत्रात दगड समोरासमोरील वाट्यांमध्ये धरला जातो. दोन्ही अक्ष अगदी एका रेषेत असतील, तर दगड त्याच रेषेभोवती फिरत राहतो व त्यावर पट्टे पडतात. म्हणून अक्ष थोडे तिरपे ठेवतात किंवा दगड वारंवार हाताने वळवतात.

तीन वाट्यांचे यंत्र हौशी कारागिरांत विशेष लोकप्रिय आहे. वाट्या १२० अंशांवर असतात, प्रत्येकीला स्वतंत्र गिअर मोटार असते व स्प्रिंगने त्या दगडावर दाबल्या जातात. साधारणपणे मिनिटाला १०० ते ३०० फेरे पुरतात. तिन्ही वाट्या सारख्याच वेगाने व बाहेरून पाहता एकाच दिशेने फिरल्या, तर त्यांचे जोर परस्परांना रद्द करतात. दगड जवळजवळ स्थिर राहतो व प्रत्येक वाटी आपल्या जागी खाच पाडते. एक वाटी उलटी फिरवल्यास दगड फिरू लागतो, पण मुख्यतः एकाच अक्षाभोवती. म्हणून ठरावीक वेळाने पाळीपाळीने मोटारींची दिशा बदलतात.

स्प्रिंगचा दाब दगड वाट्यांतून निसटणार नाही इतपतच असावा लागतो. दाब वाढवल्याने काम वेगाने होण्याऐवजी कण बोथट होतात, मोटारी तापतात व दगडाला तडे जाऊ शकतात.

## गोळा घडवण्याचे टप्पे

दगडाचा प्रथम हिरेयुक्त पात्याने घन कापतात. आरंभीच्या घनाच्या आकारमानापैकी ५२.४ टक्केच भाग अंतिम गोळ्यात राहतो. ७५ मिमी बाजूच्या क्वॉर्ट्‌झच्या घनाचे वजन सुमारे १,११८ ग्रॅम असते, तर त्यातून निघणाऱ्या गोळ्याचे सुमारे ५८५ ग्रॅम. उरलेले अर्धा किलोहून अधिक द्रव्य पात्याने कापले जाते किंवा वाटीखाली चिखल होते. म्हणून जितके जास्त आधीच कापले जाईल, तितका वाटीवरचा भार कमी होतो.

घनाचे कोपरे केंद्रापासून गोळ्याच्या त्रिज्येच्या १.७३ पट व कडांचे मध्यबिंदू १.४१ पट अंतरावर असतात. १२ कडा कापल्या की १८ पृष्ठांची आकृती होते व नंतर ८ कोपरे छाटले की २६ पृष्ठांची. अशी आकृती वाटीत सुरळीत फिरू शकते.

पुढचा क्रम सामान्यतः असा असतो: खडबडीत हिरेयुक्त वाटीने पूर्ण गोलाकार, मध्यम कणांनी ओरखडे काढणे, बारीक कणांनी एकसारखा धुरकट पृष्ठभाग आणि शेवटी झिलई. झिलईसाठी वाट्यांच्या कडेला चामडे किंवा नमदा लावून सिरियम ऑक्साइड अथवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ लेप वापरतात. प्रत्येक कण दगडावर दिसणाऱ्या ओरखड्याच्या खालीही सूक्ष्म भेगा पाडतो. म्हणून ओरखडे दिसेनासे झाल्यानंतरही त्या टप्प्यावर थोडा अधिक काळ काम करतात. टप्पा बदलताना दगड, वाट्या व तबक पूर्ण धुतात. मागील टप्प्याचा एक जाड कणही झिलईत नवा ओरखडा पाडू शकतो.

## गोलपणाची तपासणी

व्हर्निअर कॅलिपरने वेगवेगळ्या दिशांनी व्यास मोजणे ही प्राथमिक तपासणी आहे, पण ती पुरेशी नाही. रुलो त्रिकोणासारख्या काही आकृत्यांची रुंदी सर्व दिशांनी सारखी असते, तरीही त्या वर्तुळाकार नसतात. तीन फुगीर बाजू असलेला दगड कॅलिपरला गोल भासू शकतो.

वलय-चाचणी अधिक विश्वसनीय आहे. लेथवर अचूक कातलेली नळीची कड गोळ्यावर निरनिराळ्या जागी ठेवतात व मागून प्रकाश पाडतात. कोठेही फट दिसली तर तेथे खळगा आहे. वलयाच्या मध्यावर डायल गेज बसवल्यास ही तपासणी आकड्यांत करता येते. गोळ्यावर सर्वत्र सारखेच मापन आले, तर त्याची वक्रता एकसमान असते.

## सामान्य दोष व उपाय

- वाटी घासत नाही, नुसती घसरते: कण बोथट होऊन बंधक गुळगुळीत झालेला असतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडची कांडी किंवा मऊ वीट घासून बंधक उघडा करतात.
- गोळ्यावर वर्तुळाकार पट्टे पडतात: दगडाची फिरण्याची दिशा बदलत नाही. मोटारींचा क्रम किंवा वेग बदलतात.
- कडेचे कपचे उडतात: दगडात भेगा किंवा पोकळ्या आहेत. सच्छिद्र बेसाल्ट व भेगाळ क्वॉर्ट्‌झ यांत हे नेहमी घडते. दाब कमी करतात किंवा सुरुवातीलाच वेगळा तुकडा निवडतात.
- निकेलचा थर सोलला जातो: विलेपनापूर्वीची स्वच्छता अपुरी राहिली आहे. थर पूर्ण काढून काम पुन्हा करावे लागते.

## आरोग्य व सुरक्षितता

अकीक, क्वॉर्ट्‌झ व ग्रॅनाइट यांत स्फटिकी सिलिका असते. तिची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत खोलवर जाऊन सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार निर्माण करते आणि क्षयरोगाचा धोका वाढवते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेचा समावेश मानवाला कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केला. अमेरिकेत २०१६ च्या नियमानुसार कामाच्या जागेच्या हवेतील तिची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. हे प्रमाण इतके अल्प आहे की हवा स्वच्छ दिसत असतानाही ते ओलांडले जाऊ शकते.

खंबायतच्या अकीक उद्योगातील सिलिकोसिसचा अभ्यास अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला आहे. तेथे घासकाम बऱ्याच अंशी राहत्या घरांत व गल्लीबोळांत चालत आल्याने धूळ केवळ कारागिरापुरती मर्यादित राहिली नाही. घरातील इतर माणसे व शेजारीही तिच्या संपर्कात आले. घराच्या खोलीत किंवा सज्जात गोळे घासणाऱ्या हौशी कारागिराची स्थिती याच प्रकारची असते.

या कारणाने पुढील दक्षता आवश्यक मानल्या जातात:

- कापणे व घासणे नेहमी पाण्याच्या धारेखाली करणे. कोरडे शाणन पूर्णपणे टाळणे.
- चिखल वाळू न देता ओल्या फडक्याने उचलणे. वाळलेला चिखल झाडल्यास तीच धूळ पुन्हा हवेत मिसळते.
- सूक्ष्म कण अडवणारा व चेहऱ्यावर घट्ट बसणारा श्वसनमुखवटा वापरणे. साधा रुमाल किंवा कापडी मुखवटा अपुरा पडतो.
- कामाचे कपडे वेगळे ठेवणे व घरातील इतर कपड्यांबरोबर न धुणे.
- पाणी व वीज एकत्र येत असल्याने मोटारींना भूसंपर्कन आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे.

निकेलच्या क्षारांमुळे त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते व त्यांचे तुषार श्वासात जाणे कर्करोगकारक आहे. म्हणून विलेपन राहत्या जागेत वा स्वयंपाकघराच्या भांड्यांत करत नाहीत, तर हातमोजे व चश्मा घालून हवेशीर जागी करतात. वापरलेला द्राव गटारात किंवा जमिनीवर ओतणे अयोग्य आहे. तो घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावा लागतो. ही व्यवस्था उपलब्ध नसल्यास मऊ धातूत कण रुतवण्याची पद्धत अधिक सुरक्षित ठरते.

## मर्यादा आणि उच्च अचूकता

घरगुती साधनांनी घडवलेला गोळा शोभेच्या वस्तूसाठी, खनिजांच्या संग्रहासाठी किंवा भूमितीच्या अध्यापनासाठी पुरेसा असतो. हेच तत्त्व अत्यंत काटेकोरपणे वापरल्यास काय साधते, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. २००४ मध्ये अवकाशात सोडलेल्या ग्रॅव्हिटी प्रोब बी या उपग्रहातील भ्रमणदर्शीसाठी सुमारे ३८ मिमी व्यासाचे क्वॉर्ट्‌झचे गोळे बनवले गेले; आदर्श गोलापासून त्यांचे विचलन सुमारे १० नॅनोमीटरच्या घरात होते. त्यांची झिलई चतुष्फलकी मांडणीतील चार वाट्यांच्या यंत्रावर झाली. ॲव्होगॅड्रो स्थिरांकाच्या अचूक मापनासाठी ऑस्ट्रेलियात सिलिकॉनचे सुमारे एक किलोग्रॅम वजनाचे गोळे घडवले गेले. २०१९ मध्ये किलोग्रॅमची नवी व्याख्या अमलात आली, तिच्या पूर्वतयारीत या मापनाचा वाटा होता.

## हे सुद्धा पहा

- अपघर्षक
- अकीक
- कृत्रिम हिरा
- विद्युत विलेपन
- सिलिकोसिस
- मोस कठिनता श्रेणी